दोन मिनिटांचं बोलणं, चार सेकंदांची खूण: एक प्रकरण अभ्यास

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. इथे मांडलेली हकीकत ज्या कुटुंबाची आहे, त्यातल्या आईवडिलांनी ती लिहायला सांकेतिक भाषेत, दुभाषीच्या मदतीनं सगळं समजून घेऊन परवानगी दिली. मुलीची परवानगी वेगळी घेतली, कारण यात बरंचसं तिचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. आई, बाबा, थोरली आणि धाकटा एवढंच म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बधिर. बाबा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करतात, दिवसभर उभ्यानं. आई कपड्यांच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते आणि तिच्या हाताखाली सहा जणी आहेत. हा सहाचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. थोरली १३ वर्षांची, आठवीत. धाकटा ६ वर्षांचा, पहिलीत. दोन्ही मुलांना व्यवस्थित ऐकू येतं.

यात नवल काही नाही. बधिर आईवडिलांच्या दहांतल्या साधारण नऊ मुलांना ऐकू येतं. उलट बाजूनं पाहिलं तर दहांतल्या नऊहून अधिक बधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. आईबापांची भाषा पोरांच्या तोंडी आपसूक येते हे बाकीची घरं धरूनच चालतात. या घरांत तसं धरून चालता येत नाही. अशा ऐकणाऱ्या मुलांना जगभर ‘कोडा’ म्हणतात. १९८३ साली अमेरिकेत त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यावरून हा शब्द रुळला.

थोरली झाली तेव्हा आईवडील तिच्याशी पहिल्या दिवसापासून हातांनी बोलले. बाळ जसं ‘बाबा-दादा’ करत तोंडानं बडबडतं, तसं खुणांच्या घरातलं बाळ हातांनीही बडबडतं, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवून दिलं. थोरलीची आई मात्र ते कुठेही न वाचता सांगते, “हिची बोटं पाळण्यातच बोलायची.” वर्षाच्या आतबाहेर तिची पहिली खूण आली, पाठोपाठ शेजाऱ्यांकडून ऐकलेले शब्द आले. पाचव्या वर्षी ती दारावर आलेल्या माणसाशी बोलत होती. आठव्या वर्षी बँकेत.

धाकट्याच्या वेळी वेगळं घडलं. नातेवाइकांनी आणि ज्यांच्या शब्दाला घरात वजन होतं अशा एका व्यक्तीनं बजावलं, “पोराला ऐकू येतंय, त्याच्यासमोर हातवारे करू नका, बोलायला उशीर होईल.” आईवडिलांनी ते मानलं. का मानलं हे समजायला त्यांची स्वतःची शाळा समजून घ्यावी लागते. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. बधिर मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं असा ठराव तिथे झाला आणि पुढची शंभरेक वर्षं जगभरच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. त्या भूमिकेबद्दल याच परिषदांच्या मालिकेनं खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. तोवर या आईचं शिक्षण संपलेलं होतं. तिच्या वर्गात हात बाकावर पालथे ठेवून बसायचा नियम होता. हातांनी बोलणं लाजिरवाणं आहे हे ती सातव्या वर्षी शिकली होती. त्यामुळे धाकट्याच्या वेळी कुणी तेच सांगितल्यावर तिला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

परिणाम असा, की धाकटा खणखणीत मराठी बोलतो. पण आईशी त्याच्याजवळ पन्नासेक खुणा आहेत. जेवण, झोप, शाळा, नको, हे दे. त्यापलीकडचं काही असलं की तो हाक मारतो, “ताई, आईला सांग.”

पालकभेटीत काय घडलं

सहामाही निकालाच्या पालकभेटीला आई आली होती, सोबत थोरली. मी खोलीत होते ती निव्वळ योगायोगानं, दुसऱ्या एका पालकांची वाट पाहत. वर्गशिक्षिका बोलत होत्या. दोन महिन्यांत अकरा दिवस गैरहजेरी, गणितात निम्म्यानं घसरण, वह्या अपुऱ्या, असंच चाललं तर वर्ष वाया जाईल. दोन मिनिटं तरी त्या बोलल्या असतील. थोरलीनं आईकडे वळून चारेक सेकंद हात हलवले. आईचा चेहरा उजळला. तिनं बाईंकडे पाहून मनापासून आभाराची खूण केली आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मायलेकी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “पाहिलंत? आईला काही गांभीर्यच नाही. बिचारीला समजतही नसेल.”

मला सांकेतिक भाषा येत नाही. पण दोन मिनिटांचं बोलणं चार सेकंदांत मावत नाही, हे कळायला ती यावी लागत नाही.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या दिवशी मी माझ्या नोंदीत लिहिलं, “मुलगी खोटं सांगते. अभ्यासात मागे.” ती नोंद मी मुद्दाम फाडलेली नाही. अडचण ओळखण्यात किती चूक होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

आईवडिलांशी बोलायचं ठरवलं तेव्हा पहिली भिंत आडवी आली. शाळेच्या नोंदीत पालकांचा म्हणून जो मोबाइल नंबर होता, तो फोन थोरलीजवळ असायचा. साहजिकच होतं ते. शाळा फोन करायची, फोनवर बोलायला ऐकणारं माणूस लागायचं, आणि घरातलं ऐकणारं मोठं माणूस म्हणजे ती. सात वर्षं शाळा ‘पालकांना कळवत’ होती आणि ते सगळं मुलीलाच कळत होतं. आईजवळ तिचा स्वतःचा फोन होता. त्यावर ती दिवसभर मैत्रिणींशी व्हिडिओवर बोलायची, छोटे संदेश पाठवायची. तो नंबर कुणी विचारलाच नव्हता.

मग मी मुलीशीच बोलायला सुरुवात केली. पहिल्या दोन भेटींत “घरी काम असतं” यापुढे गाडी सरकली नाही. तिसऱ्या भेटीत ती बोलली.

बाबांना मधुमेह. पायाच्या बोटाला झालेली जखम भरत नव्हती. अकरापैकी नऊ दिवस ती बाबांबरोबर रुग्णालयात होती, पट्टी बदलायला आणि डॉक्टरांचं सांगणं बाबांपर्यंत पोचवायला. शेवटच्या एका भेटीत डॉक्टर म्हणाले होते, “इन्सुलिन नियमित घ्या. साखर आटोक्यात आली नाही तर बोट काढावं लागेल.” तिनं बाबांना खुणेनं सांगितलं, “सुई घ्यायची. साखर कमी. बोट जपा.”

मी विचारलं, “बोट काढावं लागेल, याची खूण येत नाही का तुला?”

ती म्हणाली, “येते ना. पण ती त्यांच्या पायाकडे हात नेऊन करावी लागते. कापल्यासारखी.”

तोंडी भाषेत वाईट बातमी आवाज खाली आणून, नजर चुकवून सांगता येते. खुणांच्या भाषेत शब्द हवेत काढावा लागतो, जागेवर दाखवावा लागतो, आणि समोरच्याची नजर तुमच्यावरून ढळलेली चालत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला बापाच्या डोळ्यांत पाहत त्याचं बोट कापून दाखवायचं होतं. तिनं दाखवलं नाही. आणि ते वाक्य चार आठवडे एकटीनं वागवलं.

बाबांनी पाच दिवस इन्सुलिन घेतलं, मग सोडलं. बोट दुखायचं थांबलं होतं, म्हणजे बरं वाटतंय असा त्यांनी अर्थ लावला. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे दुखणं थांबणं हे बरं होण्याचं लक्षण असेलच असं नाही. अनेकदा ती धोक्याची खूण असते. डॉक्टरांनी हेही सांगितलं असेल. पण ‘नसा’ आणि ‘संवेदना’ हे शब्द थोरलीला मराठीतच नीट कळले नव्हते, ती खुणेत काय सांगणार?

इथे माझी समजूत बदलली. मुलीवर ओझं पडतं, तिचं बालपण हिरावलं जातं, हे आपण सगळे लगेच पाहतो आणि ते खरंच आहे. पण दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. मूल दुभाषी झालं की आईबाप लहान होतात. आईचं म्हणणं तेरा वर्षांच्या मुलीच्या शब्दांत बसवून शाळेसमोर यायचं, म्हणून ती बाईंना ‘बिचारी’ वाटायची. बाबा रुग्णालयात एकही प्रश्न विचारत नव्हते, कारण काही प्रश्न माणूस आपल्या लेकीच्या तोंडून विचारत नाही. वर लोक त्या मुलीसमोरच तिच्या आईबद्दल काहीही बोलायचे, आईला ऐकू जात नाही म्हणून. “तिची आई जरा कमीच आहे समजायला.” हे थोरलीनं दुकानात ऐकलंय, नातेवाइकांच्या फोनवर ऐकलंय. ते आईला सांगायचं की गिळायचं, हा निर्णय ती सहाव्या-सातव्या वर्षापासून घेत आलीय. बाईंचं बोलणं आईला न सांगणं ही तिच्या दृष्टीनं लबाडी नव्हतीच. आईला लागेल असं काही पोचू द्यायचं नाही, हे तिचं काम झालं होतं.

कोणते पर्याय होते

घाई होती. बाबांच्या पायाची गोष्ट कळल्यावर वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चार वाटा समोर होत्या.

लिहून कळवणं सगळ्यांत सोपं वाटलं. आईनं शाळेला पूर्वी लिहिलेली एक चिठ्ठी मला फाइलमध्ये सापडली: “मुलगी ताप. शाळा उद्या येणार नाही. बाई राग नको.” स्टाफरूममध्ये या चिठ्ठीवरून आई ‘अशिक्षित’ ठरली होती. वस्तुस्थिती अशी, की मराठी ही तिची दुसरी भाषा आहे आणि तीही कधी कानांवर न पडलेली. सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं, हे १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकानं मांडल्यापासून भाषाशास्त्रात मान्य होत गेलंय. जगात अशा तीनशेहून अधिक भाषा आहेत. विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदाचे काळ जे काम मराठीत करतात, ते काम तिथे हातांची जागा, दिशा आणि चेहरा करतो. म्हणून तिचं लिखित मराठी तुटक दिसतं. भेटीची वेळ कळवायला चिठ्ठी पुरेशी होती. “बोट काढावं लागेल” हे कळवायला नव्हती. बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं फोनवरचं अॅप याच कारणानं बाजूला ठेवलं.

ओठ वाचणं हा पर्यायच नव्हता. तरी तो लिहिते, कारण “सावकाश बोला, तिला ओठ वाचता येतात” असं मला दोघांनी सुचवलं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. क, ख, ग तर घशाजवळ होतात, दिसतच नाहीत. धाकटा एकदा रात्री “पोट दुखतंय” म्हणून रडत होता. आईला ‘बोट’ दिसलं. ती अर्धी रात्र त्याची बोटं तपासत, चोळत बसली. थोरली जागी झाली तेव्हा उलगडा झाला.

तिसरा पर्याय आत्याचा. तिला ऐकू येतं, भावाच्या घरगुती खुणा येतात. पण ती थोडक्यात सांगायची आणि उरलेलं “नंतर सांगते” म्हणून सोडून द्यायची. शिवाय धाकट्यासमोर खुणा बंद करायला लावण्यात ती पुढे होती. आईनं तिच्या नावाला नकार दिला, मला वाटतं योग्यच दिला.

राहिला प्रशिक्षित दुभाषी. आईची यालाही एक हरकत होती. मी आधी ती मनावर घेतली नाही, ही माझी चूक. बधिरांचं वर्तुळ लहान असतं. दुभाषी त्याच लग्नांना, त्याच कार्यक्रमांना असतात. दुभाषीनं गुप्तता पाळणं बंधनकारक असतं हे तिला ठाऊक होतं, पण आपल्या घरातलं ज्याला कळलं त्याच्या समोर पुढच्या आठवड्यात बसायचं, हे तिला नको होतं. शेवटी दुसऱ्या गावची, ओळखीतली नसलेली दुभाषी व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. भाषा तीच, माणूस अनोळखी.

काय केलं

सुरुवात मी चुकीची केली. तिसऱ्या भेटीच्या शेवटी, तिला मोकळं करायच्या भरात मी थोरलीला म्हणाले, “आता यापुढे तू हे काम करायचं नाही.” तिचा चेहरा पडला. मग ती चिडली. “मग बाबांशी कोण बोलणार? तुम्ही?” त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच, की तिचं काम काढून घेतलंय, कारण तिनं ते नीट केलं नाही. ज्या गोष्टीचा तिला घरात सर्वांत जास्त अभिमान होता, ती मी एका वाक्यात गुन्ह्यासारखी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवर साधा संदेश पाठवला: वेळ, जागा, “दुभाषी असेल.” तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं.

भेटीआधी दुभाषीनं मला बरंच शिकवलं. विषय आधी कळवा, शब्द कळवा. आई खिडकीकडे तोंड करून बसली तर पाठमोऱ्या उजेडात तुमचा चेहरा काळा दिसेल, जागा बदला. तिच्या हातात कागद दिलात तर ती वाचेपर्यंत बोलू नका, तिचे डोळे एकाच ठिकाणी असू शकतात. आणि “त्यांना सांगा की” असं म्हणू नका. आईकडे पाहा, आईशी बोला. दुभाषी आईचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगेल. तासाभराहून लांबणारं काम असेल तर दोन दुभाषी लागतात, वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीनं. आम्ही पाऊण तास ठरवला.

थोरली खोलीत असावी का, यावर मी खूप विचार केला आणि शेवटी तिलाच विचारलं. तिला पहिली काही मिनिटं थांबायचं होतं, “दुभाषी नीट सांगते का ते बघायला.” मी होकार दिला. या सगळ्या प्रकरणात माझा हा एक निर्णय पूर्ण बरोबर होता असं वाटतं. तिनं दहा मिनिटं स्क्रीनकडे टक लावून पाहिलं, मग आईला काहीतरी खूण केली आणि वर्गात गेली. आईनं नंतर सांगितलं, ती खूण होती, “चांगली आहे.”

बाईंनी गैरहजेरीचं पुन्हा सांगितलं. आई क्षणभर थांबली. मग दुभाषीच्या आवाजात, ठाम प्रौढ मराठीत तिचं म्हणणं खोलीत आलं: “रुग्णालयाचे दिवस मला माहीत होते. तुमची परवानगी आहे असं मला वाटत होतं. माझ्या हाताखाली सहा जणी काम करतात. एखादी सांगितल्याशिवाय आली नाही तर मी दुसऱ्या दिवशी विचारते. तुम्ही दोन महिन्यांनी सांगितलंत, तेही माझ्या मुलीलाच.”

बाई काही बोलल्या नाहीत. सात वर्षांत या आईचं बोलणं शाळेत पहिल्यांदाच ऐकलं जात होतं.

बाबांच्या पायाचं मी त्याच भेटीत, आईला सांगितलं. आधी बाबांना सांगावं का हा प्रश्न होता, पण ते कामावर होते आणि दिवस घालवायचा नव्हता. दुभाषीनं ती खूण केली. जी थोरलीला करवली नव्हती, तीच. आईनं डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर पुढचं ऐकता आलं नसतं.

दोन दिवसांनी बाबा आणि आई रुग्णालयात गेले, मुलीशिवाय. तिथे आधी “मुलगी आहे ना, तिला सगळं येतं, तिलाच आणा” असं उत्तर मिळालं. मी पत्र दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात सांकेतिक भाषांना भाषा म्हटलंय आणि प्रशिक्षित दुभाषी उपलब्ध करून देण्याची जबाबदारी नोंदलीय, हे त्यात लिहिलं. अमेरिकेत २०११ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कुणाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला तातडीचा धोका आणि दुभाषी हाताशी नाही अशा प्रसंगाखेरीज लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही, याचाही दाखला दिला. तो नियम सगळीकडे बंधनकारक नाही, पण त्यामागचं कारण सगळीकडे सारखं आहे. डॉक्टर भले होते. त्यांनी टॅबलेटची सोय केली. जोडणी दोनदा तुटली, तरी बोलणं झालं.

बाबांनी चौदा प्रश्न विचारले. आईनं मोजले होते.

घरातली भिंत पाडायला वेळ लागला. धाकट्यासमोर खुणा करू नका हा सल्ला निराधार होता, हे दुभाषीमार्फत मी आईवडिलांना सविस्तर सांगितलं. दोन भाषांत, म्हणजे एक हातांची आणि एक तोंडाची, वाढणारी मुलं पहिल्या शब्दापर्यंत आणि पुढच्या टप्प्यांवर इतर मुलांच्याच वयाला पोचतात. आई ऐकून रडली. सहा वर्षं तिनं त्याला गोष्ट सांगितली नव्हती.

मग थोरली आणि आई दोघींनी बसून एक यादी केली. ही कल्पना त्यांची, माझी नव्हे. थोरली काय करेल: दारावरचा माणूस, दुकान, तिला हौस असेल तर सिनेमातले संवाद. काय करणार नाही: आजारपण, पैसे, शाळा, भांडणं. शेवटची ओळ आईनं घातली. “आत्याचा फोन.” त्यावर दोघी हसल्या, एवढंच मला सांगितलं गेलं.

परिणाम

बाबांच्या बोटाचा पुढचा भाग काढावा लागला. हे थोरलीला कुणी आणि कसं सांगायचं, हा पुढचा कठीण निर्णय होता. लपवायचं नाही एवढं ठरलं होतं, कारण लपवण्यातूनच सगळं सुरू झालं होतं. डॉक्टरांनी तिला स्वतः वेळ दिला. पहिल्याच भेटीतल्या एक्स-रेमध्ये हाडापर्यंत संसर्ग पोचलेला दिसत होता, हे त्यांनी तिला फोटो दाखवून समजावलं. इन्सुलिन सुटल्यानं काहीच फरक पडला नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मला त्यांचं ते वागणं पटलं. तिला खोटा दिलासा कळला असता. तिचं आयुष्य दुसऱ्यांचं गाळलेलं ओळखण्यात गेलंय.

बाबांनी तिला जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीनं लिहिते. “ते वाक्य डॉक्टरांचं होतं. माझ्यापर्यंत आणायचं काम त्यांचं होतं, तुझं नव्हतं.” ती यावर लगेच विश्वास ठेवू शकली नाही. अजूनही पूर्ण ठेवत नाही. आमच्या भेटी चालू आहेत.

हजेरी सुधारली. गणित अजून कच्चं आहे, पण वर्ष गेलं नाही. शाळेच्या प्रवेशअर्जात आता दोन नवे रकाने आहेत: पालकांची भाषा आणि त्यांच्याशी संपर्क कसा करावा. ते भरून आल्यावर कळलं, की शाळेत अशी आणखी दोन घरं आहेत.

धाकट्याची गती हळू आहे. सहा वर्षांची सवय, आणि ताई घरात असताना हाक मारणं सोपं. आईची एक बधिर मैत्रीण आठवड्यातून एकदा येते आणि त्याला खुणांतून गोष्टी सांगते, वाघ झाला तर खरोखरच वाघ होते. त्याला ती फार आवडते. आईला बोलवायला तो आता खोलीतला दिवा उघड-बंद करतो.

जे सुटलं नाही ते असं. दुभाषी चार दिवस आधी ठरवावी लागते. रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर आजही थोरलीच उठते. यादीत लिहून ठेवल्यानं ते बदललं नाही, आणि एका घराच्या यादीनं बदलेल असं काम ते नाहीच.

वेगळं काय करता आलं असतं

खोलीतल्या जागा, खिडकी, कागद या चुका लहान, एकदा कळल्या की सुटतात. “यापुढे तू करायचं नाही” ही मोठी चूक. आधी पर्याय उभा करून, तो तिला दाखवून, मग तिच्या खांद्यावरचं थोडं थोडं उतरवायला हवं होतं. आणि तिनं आजवर जे केलं त्याचे आभार आधी मानायला हवे होते. ते मी फार उशिरा मानले.

सर्वांत मोठी चूक मात्र मला आईनं दाखवली. सगळं स्थिरावल्यावर ती एकदा मुद्दाम दुभाषी ठरवून मला भेटायला आली. तिनं विचारलं, “पालकभेटीत मला खरं सांगितलं गेलं नाही, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?”

मी हो म्हणाले.

“मला कधी सांगितलंत?”

तीन आठवड्यांनी. मी कारणं सांगितली. मुलीचा विश्वास बसायला वेळ हवा होता, फोन तिच्याकडे होता, दुभाषी कुठे मिळते ते माहीत नव्हतं. आईनं सगळं शांतपणे पाहून घेतलं. मग विचारलं, “मी ऐकणारी आई असते, तर तीन आठवडे थांबला असतात?”

नसते थांबले. तिला तसंच सांगितलं. त्या तीन आठवड्यांत तिच्या नवऱ्याचं इन्सुलिन बंद होतं.